शास्त्रज्ञ स्त्रीवरचा विकिपीडिया लेख टिकेल असा कसा लिहावा

२ ऑक्टोबर २०१८ रोजी डॉना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या नावाचा लेखच नव्हता. त्यांच्याबरोबर पुरस्कार मिळालेल्या जेरार मूरू यांच्यावर मात्र होता. स्ट्रिकलंड यांच्यावरचा एक मसुदा त्याच वर्षी मे महिन्यात परत गेला होता. स्वतंत्र संदर्भ पुरेसे नाहीत, असे कारण दिले होते. वास्तविक २०१३ मध्ये त्या अमेरिकेच्या ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या आणि कोणत्या शास्त्रज्ञावर लेख असावा हे ठरवणाऱ्या विकिपीडियाच्या निकषांत तेवढ्यावरही बसत होत्या. इंग्रजी विकिपीडियावरील चरित्रलेखांत स्त्रियांचा वाटा आजही सुमारे २० टक्के आहे. तो वाढवायचा तर नुसते लेख लिहून भागत नाही, ते टिकावे लागतात. म्हणून सुरुवात पुराव्यापासून करा.

आधी लेख खरेच नाही ना, हे पाहा. लग्नापूर्वीचे नाव, लग्नानंतरचे नाव, आद्याक्षरे, सगळे शोधून बघा. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचे केंब्रिजमधले संशोधन भागवत या माहेरच्या आडनावाने छापलेले आहे आणि रोमन लिपीत ते कधी डब्ल्यूने, कधी व्हीने लिहिलेले सापडते. एकाच रूपाने शोधणाऱ्याच्या हाताला निम्मे काम लागत नाही. लेख तयार झाला की या प्रत्येक रूपावरून पुनर्निर्देशन करा, म्हणजे कोणतेही नाव शोधले तरी वाचक त्याच लेखावर पोहोचेल.

मग निकष तपासा. राष्ट्रीय विज्ञान अकादमीची फेलोशिप, मोठा राष्ट्रीय पुरस्कार, मोठ्या संस्थेचे प्रमुखपद, प्रतिष्ठित शोधपत्रिकेचे मुख्य संपादकपद, किंवा इतर संशोधकांनी भरपूर आधार घेतलेले काम, यांपैकी एक तरी दाखवता आले पाहिजे. पीएचडी आहे, प्राध्यापक आहेत, एवढ्याने भागत नाही.

सर्वाधिक वेळ संदर्भांना द्या. किमान तीन स्वतंत्र संदर्भ हाती आल्याशिवाय लिहायला बसू नका. ज्या संस्थेत त्या काम करतात तिचे संकेतस्थळ पदे आणि तारखांपुरते चालते, पण ते स्वतंत्र नव्हे. मुलाखतीत त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेलेही स्वतंत्र धरले जात नाही. गूगलचे डूडल हा पुरावा नाही. ब्लॉगवरचा मजकूर बहुधा विकिपीडियावरूनच उचललेला असतो, तो परत विकिपीडियाला संदर्भ म्हणून लावू नका. 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकातले मृत्युलेख, अकादम्यांनी काढलेली फेलोंची चरित्रे, भारतीय विज्ञान अकादमीने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेले भारतीय शास्त्रज्ञ स्त्रियांवरचे पुस्तक 'लीलावतीज डॉटर्स', मराठी विश्वकोश, मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका या जागा आधी धुंडाळा. संदर्भ इंटरनेटवर असलाच पाहिजे असे नाही. ग्रंथालयातल्या जुन्या अंकाचा महिना, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक टिपून आणा. जुन्या पिढीतल्या स्त्रियांबद्दल वर्तमानपत्रांनी मुळातच कमी छापले आहे, त्यामुळे असा एखादा अंकच लेख वाचवतो.

खाते उघडून आधी इतर लेखांत छोट्या दुरुस्त्या करा. इंग्रजी विकिपीडियावर खाते चार दिवस जुने आणि दहा संपादने झालेली असल्याशिवाय थेट नवा लेख प्रकाशित करता येत नाही. मराठीत आपल्या धूळपाटीवर (खात्यासोबत मिळणाऱ्या सरावाच्या पानावर) मसुदा तयार करून मग तो मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रत्यक्ष लेख असतात त्या भागात, न्या. तीनशे-चारशे शब्द पुरेत, पण प्रत्येक दाव्यामागे संदर्भ हवा. इंग्रजी लेखाचे भाषांतर करत असाल तर संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या छोट्या टिपेत) मूळ लेखाचा दुवा देणे विकिपीडियाच्या परवान्यानुसार बंधनकारक आहे. यंत्राने केलेले भाषांतर जसेच्या तसे टाकू नका.

पहिल्या वाक्यात व्यक्ती आणि क्षेत्र, दुसऱ्यात काम. सोहोनींच्या बाबतीत, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनात भाग घेणारे प्रथिन असते हे त्यांनी दाखवले आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली, हे वर येऊ द्या. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेश नाकारला, हा प्रसंग महत्त्वाचा आहे, तो वगळू नका. पण अनेक ठिकाणी त्यालाच तीन परिच्छेद मिळतात आणि सायटोक्रोमला अर्धी ओळ, हा अन्याय आपल्या हातून होऊ नये. जन्मवर्ष कुठे १९११, कुठे १९१२ आढळते. अशा वेळी दोन्ही द्या आणि प्रत्येकाला त्याचा संदर्भ लावा.

२०१३ मध्ये रॉकेट शास्त्रज्ञ इव्हॉन ब्रिल यांच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मधल्या मृत्युलेखाची सुरुवात त्यांच्या हातच्या एका पदार्थाच्या कौतुकाने झाली होती. टीका झाल्यावर ती ऑनलाइन बदलली गेली. आपला मसुदा तपासताना प्रत्येक वाक्य पुरुष शास्त्रज्ञाबद्दल लिहिले असते का, असे विचारा. पतीची नोकरी, घर सांभाळून केलेले संशोधन, असली वाक्ये या चाळणीतून गळतात. 'पहिली महिला' हा उल्लेख पक्का संदर्भ असेल तरच करा, आणि तोही खाली.

छायाचित्र वर्तमानपत्रातून किंवा संस्थेच्या पानावरून उचलू नका, ते काढून टाकले जाईल. स्वतः काढलेले विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर चढवा, नाहीतर लेख चित्राविना राहू द्या.

लेख प्रकाशित झाल्यावर त्याला इतर लेखांतून दुवे द्या: संस्थेच्या, विषयाच्या, पुरस्काराच्या. योग्य वर्ग (विषयवार गट) लावा, विकिडेटा या विकिपीडियाच्या सामायिक माहितीसंचातल्या नोंदीशी जोडा. दुव्यांविना पडून राहिलेला लेख वाचकाला सापडतच नाही.

लेख वगळावा अशी पाटी लागली तर ती स्वतः काढू नका. चर्चा पानावर नेमका निकष आणि त्याचे दोन सर्वांत भक्कम संदर्भ मांडा. स्त्रियांवर लेख कमी आहेत, हा मुद्दा खरा असला तरी तिथे निर्णायक ठरत नाही. आणि संबंधित शास्त्रज्ञ तुमच्या नातेवाईक किंवा मार्गदर्शक असतील तर लेख स्वतः लिहू नका. आपले नाते उघड सांगून जमवलेले संदर्भ दुसऱ्या संपादकाकडे सोपवा.