उभी बाग: आधी पाणी, मग झाडं

लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या एका बालकेंद्रावरची हिरवी भिंत २००९ मध्ये अख्खी वाळली. पाण्याची व्यवस्था बंद पडली होती. उभ्या बागा बहुतेक अशाच मरतात, म्हणून झाडांची यादी करण्याआधी नळ्यांचा आराखडा करा.

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पात्रिक ब्लाँ यांच्या पद्धतीत धातूच्या सांगाड्यावर १० मिमी पीव्हीसीचा पत्रा आणि त्यावर फेल्टचे (नमद्यासारख्या जाड कापडाचे) दोन थर असतात. झाडांसकट वजन चौरस मीटरला ३० किलोच्या आत राहतं. मातीचे कप्पे बरेच जड होतात. त्यांचं वजन भिजलेल्या अवस्थेतच धरा. सांगाडा आणि भिंत यांत हवा खेळती ठेवा, नाहीतर भिंतीत ओल मुरते.

फेल्टमध्ये माती नसल्याने पाण्याचा साठाही नसतो. पंप थांबला की कडक उन्हात एका दिवसातच झाडं माना टाकतात. ठिबकची नळी फक्त माथ्यावर टाकली, तर वरचा भाग कोरडा आणि खालचा चिखल होतो. म्हणून दर दीड-दोन मीटर उंचीवर वेगळी नळी टाका, दाब सांभाळणारे ड्रिपर वापरा आणि पंपानंतर १२० मेशची (बारीक जाळीची) गाळणी बसवा. पाणी एकदाच भरपूर देऊ नका, दिवसातून अनेकदा थोडं थोडं द्या. तळाला पन्हळ हवीच.

झाडं लावण्याआधी आठवडाभर नुसतं पाणी चालवा. पाण्याची पाळी संपल्यावर दहा मिनिटांनी वरच्या कडेच्या फेल्टवर तळहात दाबा. हात ओला झाला नाही तर तिथे काहीही जगणार नाही. कुठे पाणी पोचत नाही ते याच आठवड्यात कळतं. झाडं लावल्यावर दुरुस्ती फार महाग पडते.

फेल्टमध्ये माती नसल्याने खतही पाण्यातूनच द्यायचं; त्या पाण्याचा सामू (pH) ५.५ ते ६.५ ठेवा. फेल्टवर पांढरी पापडी दिसली तर क्षार साठलेत. साध्या पाण्याने भिंत धुऊन काढा. कोरडं सोसणारी झाडं वर, नेचे खाली.

छाटणी रहिवाशांवर सोडू नका. चीनमधल्या चेंगडूत बाल्कन्यांत झाडं लावलेल्या एका गृहसंकुलात फार थोडी कुटुंबं राहायला आली. २०२० पर्यंत बाल्कन्यांत रान माजलं आणि डास झाले. मिलानच्या 'बोस्को व्हर्टिकाले' या झाडांनी भरलेल्या इमारतींत मात्र प्रशिक्षित माळी दोरावरून उतरून झाडं छाटतात.

देखभालीचा असा वार्षिक खर्च झेपणार नसेल, तर जमिनीत वेली लावा आणि भिंतीपासून १०-१५ सेंमी अंतरावर ताणलेल्या तारांवर चढवा. भिंत भरायला दोन-तीन वर्षं लागतात, पण मुळं जमिनीत असल्याने पंप बिघडला तरी वेल तग धरते.