उभट चेहरा आणि पडलेलं तोंड: इंग्रजीत माणूस कसा दाखवावा

एसटी स्टँडच्या भिंतीवर 'हरवले आहेत' असा कागद चिकटवलेला असतो. वय 62, उंची 5 फूट 4 इंच, बांधा सडपातळ, रंग सावळा, चेहरा उभट, नाक सरळ, डाव्या गालावर तीळ. सांगलीकडच्या एका मराठी शाळेत मी 27 वर्षं इंग्रजी शिकवते आहे, आणि चेहऱ्याचं वर्णन मी अशा कागदाच्या नमुन्यावरूनच सुरू करते. त्यात कुणी 'छान' किंवा 'देखणा' असं लिहीत नाही, तरीही ज्याने त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही त्यालाही तो ओळखू येऊ शकतो. मुलांकडे सुरुवातीला ब्यूटिफुल, क्यूट आणि स्मार्ट एवढे तीनच शब्द असतात. ते पहिला अर्धा तास वापरायचे नाहीत, एवढी एकच अट मी घालते.

तुम्हीही घरच्या कुणाचा तरी फोटो समोर ठेवा आणि त्या कागदाच्या क्रमाने उतरा: चेहऱ्याचा आकार, कपाळ, डोळे, नाक, गाल, ओठ, हनुवटी, मग खुणा. गोल म्हणजे राउंड, लांबट गोल म्हणजे ओव्हल, चौकोनी जबड्याचा माणूस असेल तर स्क्वेअर जॉ. उभट चेहऱ्यापाशी मात्र थांबा. नववीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, 'माय ग्रँडफादर हॅज अ लाँग फेस.' व्याकरणात चूक नाही, पण इंग्रज वाचकाला आधी वाटेल की आजोबा उदास आहेत. 'व्हाय द लाँग फेस?' म्हणजे 'का रे, तोंड पाडून बसलायस?' यावर उपाय सोपा आहे. आकाराच्या शब्दाला सोबत द्यायची: 'अ लाँग, नॅरो फेस'. नॅरो आला की आकाराबद्दलच बोलणं चाललंय हे कळतं.

दुसरी सवय वाक्यरचनेची. आपण म्हणतो, 'त्याचं नाक सरळ आहे.' इंग्रजीत माणसाकडे नाक असतं: 'ही हॅज अ स्ट्रेट नोज.' 'हिज नोज इज स्ट्रेट' चुकीचं नाही, पण अशी पाच वाक्यं ओळीने आली की चौकशीचा फॉर्म भरल्यासारखं वाटतं. त्याहून चांगली युक्ती तर आपल्याच व्याकरणात आहे. लंबोदर, मीनाक्षी, चंद्रमुखी हे बहुव्रीही समास आपण शाळेत शिकतो. इंग्रजी नेमकं हेच करतं, शेवटी फक्त 'एड' जोडतं: राउंड-फेस्ड, थिन-लिप्ड, हॉलो-चीक्ड म्हणजे गाल बसलेला, गॅप-टूथ्ड म्हणजे दातांत फट असलेला. हे सांगितलं की मुलं स्वतःच शब्द बनवू लागतात, आणि तो दिवस मला फार आवडतो. एक सावधगिरी लागते. चंद्रमुखी ही आपल्याकडे स्तुती आहे, पण मून-फेस्ड म्हणजे वाटोळा, भरलेला चेहरा. डॉक्टरांच्या भाषेत तर मून फेस म्हणजे बरेच दिवस स्टिरॉइड घेतल्यावर चेहऱ्यावर येणारी सूज.

नाकावर जरा जास्त वेळ घालवा, कारण तिथे शब्द भरपूर आहेत आणि प्रत्येकाचा भाव वेगळा आहे. नकट्या नाकाला स्नब नोज, शेंडा वर वळलेला असेल तर टर्न्ड-अप, लहान मुलाच्या इवल्याशा गोल नाकाला लाडाने बटन नोज. बसक्या नाकाला फ्लॅट म्हणतात, ते जपून वापरावं. बाकदार नाकाला दोन शब्द आहेत, आणि कोणता घ्याल त्यावरून तुमचं त्या माणसाबद्दलचं मत कळतं. हुक्ड म्हटलं की पोपटाची चोच आठवते, त्यात नावड आहे. ॲक्विलाइन म्हटलं की रुबाब येतो. हा शब्द लॅटिन 'अक्विला'वरून आला, म्हणजे गरुड. आपणही गरुडासारखं नाक म्हणतो, त्यामुळे हा शब्द मुलं एकदा ऐकून विसरत नाहीत. चाफेकळी नाकाला मात्र इंग्रजीत फूल सापडणार नाही. 'स्ट्रेट, स्लेंडर नोज' लिहा आणि पुढे जा.

आता काही शब्द असे, जे आपल्याकडे चालतात आणि बाहेर अडतात. व्हीटिश हा गव्हाळ या शब्दावरून आपणच घडवलेला शब्द आहे. लंडनमधल्या माणसाला त्यातून काही बोध होत नाही, त्याला लाइट ब्राउन सांगा. लग्नाच्या जाहिरातीतला होमली तर फारच घातक आहे. आपल्याला घरंदाज, घरात रमणारी मुलगी म्हणायचं असतं, पण अमेरिकेत चेहऱ्याला होमली म्हणणं म्हणजे दिसायला बेताची म्हणणं. परदेशी राहणाऱ्या स्थळाला बायोडेटा पाठवणाऱ्या आईवडिलांना मी हे आवर्जून सांगते. नाकीडोळी नीटस याचं आपण शार्प फीचर्स करतो. इंग्रजीत त्यातून अणकुचीदार, थोडा कठोर चेहराही उभा राहतो. फाइन-फीचर्ड जवळचा आहे. कोकणातल्या घाऱ्या डोळ्यांना कॅट आइज म्हणू नका. त्यावरून आयलायनरची वर ओढलेली रेघ किंवा चष्म्याची फ्रेम आठवते. घारे डोळे म्हणजे हेझल, किंवा ग्रे-ग्रीन, जसे असतील तसे. आणि स्मार्ट म्हणजे इंग्लंडमध्ये नीटनेटका पोशाख, अमेरिकेत हुशार. चेहऱ्याशी त्याचा संबंध आपणच जोडला.

खुणा लिहायला लाजू नका, माणूस त्यांच्यातच असतो. तीळ म्हणजे मोल, जन्मखूण म्हणजे बर्थमार्क, खळी म्हणजे डिंपल, पण हनुवटीच्या मधोमध खाच असेल तर क्लेफ्ट चिन. देवीचे व्रण असलेला चेहरा पॉकमार्क्ड. जागतिक आरोग्य संघटनेने 1980 मध्ये देवीचं निर्मूलन जाहीर केलं, त्यामुळे माझ्या वर्गातल्या मुलांनी तसा चेहरा पाहिलेलाच नसतो. हा शब्द त्यांना खड्ड्यांच्या रस्त्यासाठी भेटतो. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांना क्रोज फीट म्हणतात, कावळ्याचे पाय. 14 व्या शतकात इंग्रज कवी चॉसरने ही प्रतिमा वापरली आणि ती अजून टिकून आहे. हसून हसून पडलेल्या रेषांना लाफ्टर लाइन्स म्हणायची सोय आहे. आजीबद्दल लिहिताना मी तीच घेते.

इथवर झालं ते स्थिर चित्र. चेहरा हलायला लागला की क्रियापदं लागतात, आणि इथे मराठी माणसाला आयतं भांडवल मिळतं. चेहरा पडला: 'हिज फेस फेल.' चेहरा उजळला: 'हर फेस लिट अप.' भुवया उंचावल्या: 'रेझ्ड हिज आयब्राउज.' चेहऱ्यावरच लिहिलं होतं: 'इट वॉज रिटन ऑल ओव्हर हिज फेस.' ही बिनधास्त शब्दाला शब्द ठेवून वापरा. कपाळाला आठ्या म्हणजे फ्राउन, फक्त अमेरिकन लोक तोंडाचे कोपरे खाली वळले तरी फ्राउनच म्हणतात. हसू आतल्या आत दाबून गंभीर राहणं म्हणजे कीप अ स्ट्रेट फेस. मनातलं काहीच बाहेर दिसू न देणं म्हणजे पोकर फेस, पत्त्यांच्या खेळातून आलेला. हसण्यात मात्र घाई नको. स्माइल साधं, ग्रिन दात दाखवून, बीम म्हणजे आनंद चेहऱ्यावर मावेनासा होणं. स्मर्क म्हणजे 'बघ, कशी जिरवली' असं आत्मसंतुष्ट हसणं, आणि स्नीअर म्हणजे कुत्सित. नव्या नवरीच्या वर्णनात स्मर्क आलेला मी पाहिला आहे, म्हणून सांगते. गालातल्या गालात हसली याला 'शी स्माइल्ड टु हरसेल्फ' पुरे. टंग इन चीक वेगळं, ते गंभीर चेहऱ्याने थट्टा करणं.

आणि अब्रू? आपली अब्रू नाकात राहते, इंग्रजांची चेहऱ्यावर. आपलं नाक कापलं जातं, ते लूझ फेस म्हणतात. हा वाक्प्रचार त्यांनी 19 व्या शतकात चिनी भाषेवरून घेतला आणि त्यावरूनच पुढे सेव्ह फेस घडवला. तरी नाक मुरडणं, नाक खुपसणं या गोष्टी दोन्हीकडे नाकानेच होतात: टर्न अप युअर नोज, पोक युअर नोज इन. आणि आपण जिथे स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतो, तिथे ते 'कट ऑफ युअर नोज टु स्पाइट युअर फेस' म्हणतात. दुसऱ्याच्या वाईटासाठी आपलंच नाक कापायचं हे दोन्हीकडे सुचलं, याचं मला दर वर्षी नवल वाटतं.

शेवटी सगळं एकत्र लिहायचं, पाच वाक्यांच्या वर नाही. मी फळ्यावर माझ्या आजीचं लिहिते. 'माय ग्रँडमदर हॅड अ नॅरो, डार्क फेस अँड डीप-सेट आइज. शी वॉज हॉलो-चीक्ड बाय द टाइम आय न्यू हर. देअर वॉज अ स्मॉल ग्रीन टॅटू ऑन हर चिन. व्हेन एनीवन केम टु द डोअर, हर होल फेस लिट अप.' गोंदण या शब्दावर मी बराच काळ अडले होते. टॅटू म्हटलं की आजच्या मुलांना दंडावरचा विंचू दिसतो. म्हणून आता 'टॅटू' खोडून 'थ्री टॅटूड डॉट्स' लिहिते, आणि मग वर्गाला विचारते, ठिपके कुठे होते ते कळलं का.