ट्रॅक पँटवर बाहेर जायचंय पण गबाळं दिसायचं नाहीये, तर हे वाचा

संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला जरा उभं राहून बघा, अर्ध्या लोकांच्या अंगावर ट्रॅक पँट, जॉगर, लेगिंग नाहीतर ड्रायफिट टीशर्ट असतोच, त्यातले थोडे खरंच चालायला आलेले आणि बाकीचे पाणीपुरी खायला. पण कपडे सेम असून एकजण एकदम टापटीप वाटतो आणि दुसऱ्याकडे बघून वाटतं हा दूध आणायला खाली उतरला आणि तसाच पुढे निघून आला. हा फरक ब्रँडचा नसतो हे आधीच सांगते. मापाचा असतो, त्यातही पँटच्या लांबीचा, आणि मग कापडाच्या जाडीचा.

लांबीपासून सुरू करू कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. रेडिमेड ट्रॅक पँट आपल्या उंचीच्या मानाने बऱ्याचदा लांब असते, मग पायाशी कापड गोळा होतं, आणि वरून तुम्ही कितीही भारी टीशर्ट घाला, लूक गेला. जॉगर असेल तर खालची रिब, म्हणजे पायाशी असते ती ताणणारी पट्टी, घोट्याच्या हाडाच्या जरा वर बसली पाहिजे, सरळ पँट असेल तर तिची कड बुटाला जेमतेम टेकली पाहिजे. लांब असेल तर सरळ टेलरकडे द्या, गल्लीतला आल्टरेशनवाला चालतो, फक्त आधी विचारा की होजिअरी शिवता का, कारण ताणलं जाणारं कापड साध्या सरळ टाक्याने शिवलं की बसताना टाका तटकन तुटतो, आतून इंटरलॉक, म्हणजे कापडाबरोबर ताणला जाणारा टाका, मारून द्या म्हणून सांगायचं. जॉगर नुसता दुमडून शिवू देऊ नका हं, रिब उसवून, कापड कापून, रिब परत जोडायला सांगा, पैसे थोडे जास्त जातील पण दिसतं तरी नीट.

आता कापड. दुकानात किंवा ऑनलाईन जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. कॉटन टीशर्ट १८० ते २२० च्या मधला घेतला की तो अंगाला चिकटत नाही आणि पोटाचा प्रत्येक वळसा दाखवत नाही, १४० वाला घरात घालायला ठीक. पँटच्या कापडात थोडी लायक्रा, म्हणजे ताणणारा धागा, हवीच, नाहीतर दोनचारदा घालून गुडघ्यावर फुगे येतात आणि मग ती पँट बाहेरची राहत नाही. चमकणारं पॉलिस्टर मात्र मला अजिबात पटत नाही, उजेडात ते जिमचंच वाटतं, मॅट घ्या. आणि लेगिंग घेताना ट्रायल रूमच्या पिवळ्या लाईटवर विश्वास नको, हातावर ताणून दाराशी उजेडात बघा, कातडी दिसली की परत ठेवा.

आपल्याकडच्या घामाचं पण गणित आहे. कॉटन हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्का पण नाही, म्हणून पॉलिस्टरचा ड्रायफिट पटकन वाळतो पण अंगाचं तेल त्याला चिकटून बसतं आणि वास धुतल्यावर पण राहतो. ठाण्याहून फास्ट लोकल पकडून दिवसभर बाहेर राहायचं असेल तर वर कॉटन किंवा कॉटन मिक्स, खाली सिंथेटिक, हे बरं पडतं. फिका राखाडी टीशर्ट ऑक्टोबरात टाळाच, काखेतला डाग दुरून दिसतो, नेव्ही, काळा, मेंदी असले रंग निभावून नेतात.

घालायचं कसं, तर अंगावर एक तरी गोष्ट अशी हवी जी जिममध्ये कोणी घालणार नाही. काळी सरळ ट्रॅक पँट, वर खादीचा शॉर्ट कुर्ता, कानात छोटे टॉप्स, झालं, पेरेंट्स मीटिंगला पण चालतं. नाहीतर साध्या टीशर्टवर हँडलूमचा शर्ट बटणं उघडी ठेवून, बाह्या दुमडून. जॅकेट वगैरे मी सांगणार नाही, ठाण्यात ते मॉल आणि एसी लोकल सोडून घालणार कुठे. पुरुषांनी गोल गळ्याऐवजी कॉलरवाला पोलो घातला तरी निम्मं काम होतं. कंबरेच्या नाड्या आत टाका प्लीज, बाहेर लोंबणारी नाडी बघितली की बाकी सगळं वाया. लोगो एकच, तोही छोटा. रंग दोन पुरे, आणि वरखाली एकाच रंगाचा सेट असेल तर डोकंच चालवायला नको.

बूट हा वेगळाच विषय आहे. पळायचे निऑन बूट पळायला ठेवा, रोजसाठी साधे पांढरे किंवा ऑफव्हाईट स्नीकर. पण जून ते सप्टेंबर पांढरं विसरा, स्टेशन रोडच्या चिखलात कॅनव्हासचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये, तेव्हा गडद रंगाचे, पुसता येतील असे सिंथेटिक बूट. पांढरे धुतले तर साबण पूर्ण निघेपर्यंत खळखळून धुवा आणि सावलीत वाळवा, साबण राहून गेला आणि वर ऊन लागलं की पिवळे पडतात. कोल्हापुरी सरळ पँटवर छान दिसते, रिबवाल्या जॉगरवर नाही, आणि पावसात तर नाहीच.

कुठे चालतं? बँक, डॉक्टर, कोरम मॉल, गडकरी रंगायतनला नाटक, सगळीकडे चालतं. सत्यनारायणाला आणि लग्नाच्या बस्त्याला नको, उगाच आत्याबाईंना विषय मिळतो.

आणि धुणं, कारण नवी पँट दोन महिन्यांत जुनी दिसते ती धुण्यामुळेच. उलटी करून, थंड पाण्यात, जीन्सबरोबर नाही, झिप घासून धागे निघतात. फॅब्रिक कंडिशनर टाकू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि मग कापड घाम नीट पसरवत नाही. इस्त्रीवाल्या दादांकडच्या गठ्ठ्यात हे कपडे चुकून जाऊ देऊ नका, कोळशाच्या इस्त्रीने पॉलिस्टरवर चमकदार पट्टा उमटतो तो कधीच जात नाही आणि लायक्रा पण मरते. झटकून हँगरला लावली तर इस्त्री लागतच नाही. मांड्यांच्या मध्ये गोळे आले तर फॅब्रिक शेव्हर मिळतो, पँट सपाट पसरून हलक्या हाताने फिरवा, शिवणीवर दाबलात तर भोक पडेल.