'पुट ऑफ' वापरताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी मुलांच्या कानावर शाळेच्या वयातच तीन भाषा पडतात. इंग्रजीतल्या 'पुट ऑफ'च्या (मुख्य अर्थ 'लांबणीवर टाकणे') बाबतीत मात्र त्यातल्या दोन भाषा मिळून तिसरीचा घोटाळा करतात. मराठीत आपण कार्यक्रम 'पुढे' ढकलतो. कन्नड सूचनेत 'मुंदूडलागिदे' असतं, म्हणजे तिथेही 'पुढेच' लोटलेलं. मग इंग्रजीत सूचना लिहायची वेळ आली की हात आपोआप 'फॉरवर्ड'कडे वळतो आणि तिथेच गाडी उलटी फिरते.

समजा, बैठक बुधवारी होती आणि ती पुढच्या सोमवारवर ढकलली. सूचनेत लिहिलं, 'द मीटिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड टु मंडे.' इंग्रजी जाणणारा माणूस याचा अर्थ 'बैठक ठरल्यापेक्षा लवकर घेतली' असा लावणार. तो बुधवारच्या आधीच्या सोमवारी येऊन कुलूप बघून जाणार. तारखेच्या बाबतीत 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे ठरल्यापेक्षा आधी. उशिरासाठी 'पुट ऑफ', 'पोस्टपोन' किंवा चक्क 'पुश बॅक' आणि 'पुट बॅक'. हो, बॅक! आपण पुढे ढकलतो ते इंग्रजी माणूस मागे ढकलतो. 'पुट फॉरवर्ड' हे बहुतेक वेळा 'सूचना किंवा मत मांडणे' या अर्थाने येतं, आणि तारखेला लावलं तर तेही आधीच्याच दिशेला जातं. 'प्रीपोन' आपल्याकडे सर्रास चालतो, पण परदेशी वाचकासाठी लिहिताना 'ब्रिंग फॉरवर्ड'च बरा.

दिशेचा प्रश्न सुटला की शब्दयोगी अव्ययाचा प्रश्न येतो. 'सोमवारवर ढकलली' यातल्या 'वर'ला 'ऑन' लावायचा मोह होतो. पण 'द मीटिंग वॉज पुट ऑफ ऑन मंडे' याचा अर्थ ढकलण्याचा निर्णय सोमवारी झाला, बैठक कधी ते गुलदस्त्यातच. नवी तारीख सांगायची असेल तर 'टिल' किंवा 'अन्टिल' वापरा: 'पुट ऑफ टिल मंडे'. किती दिवसांनी लांबली ते सांगायचं असेल तर 'फॉर': 'पुट ऑफ फॉर अ वीक'. सूचनेत जुना आणि नवा असे दोन्ही दिनांक आकड्यात लिहिले तर गैरसमजाला जागाच राहत नाही. नुसत्या 'नेक्स्ट मंडे'वर विसंबू नका, त्याचा अर्थ दोन माणसं दोन तऱ्हेने लावतात.

ढकललेलं आहे की रद्द, की नुसता उशीर?

'पुट ऑफ' तेव्हाच, जेव्हा कुणीतरी ठरवून एखादी गोष्ट नंतरवर टाकतं आणि ती होणार असते. होणारच नसेल तर 'कॉल ऑफ'. पावसाने सामना वाहून गेला आणि पुन्हा खेळणार नाहीत, तर 'द मॅच वॉज कॉल्ड ऑफ'. रविवारी खेळणार, तर 'पुट ऑफ टिल संडे'. दोन्हीत 'ऑफ' असल्याने अदलाबदल फार होते. स्पर्धा भरवणाऱ्यांनी तर याबाबतीत डोळ्यात तेल घालावं, कारण 'कॉल्ड ऑफ' वाचलेला संघ रविवारी फिरकणारच नाही.

चोर्ला घाटात दरड पडून बस दोन तास रखडली, तर ती 'पुट ऑफ' झाली नाही, 'डिलेड' झाली. तिथे कुणी ठरवून काही ढकललेलं नसतं.

आणखी एक गफलत 'स्थगित' या शब्दामुळे होते. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातल्या अधिवेशनात गोंधळ होऊन कामकाज थांबतं किंवा कोर्टात सुनावणी होऊन पुढची तारीख पडते, तेव्हा आपण 'स्थगित', 'तहकूब', 'तारीख पडली' असं काहीही म्हणतो. इंग्रजीत त्यासाठी 'अॅडजर्न' हा वेगळा शब्द आहे. 'पुट ऑफ' शोभतं ते सुरूच न झालेल्या गोष्टीला.

काम ढकललं की माणसाला?

खरी गंमत, आणि खरी अडचण, इथे आहे. 'पुट ऑफ'चं कर्म काम किंवा तारीख असेल तर अर्थ 'लांबणीवर टाकणे'. कर्म माणूस असेल तर अर्थ पार बदलतो, आणि तोही एक नाही. उतारा वाचताना अर्थ लागेनासा झाला की आधी कर्म शोधा, मग कर्ता बघा.

कर्ता वास, किंमत, वागणूक असा असेल तर 'नकोसं करणे, मन उडवणे'. 'द स्मेल पुट मी ऑफ माय फूड' म्हणजे त्या वासाने जेवणावरची वासनाच उडाली. 'द फीज पुट मेनी पेरेंट्स ऑफ' म्हणजे फी ऐकून बरेच पालक मागे सरले. इथे 'फ्रॉम' घालू नका. 'पासून परावृत्त केलं' या मराठी रचनेमुळे 'पुट हिम ऑफ फ्रॉम जॉइनिंग' असं लिहिलं जातं. 'पुट हिम ऑफ जॉइनिंग' एवढंच पुरेसं. कर्मणी रूपात 'बाय' येतो: 'डोन्ट बी पुट ऑफ बाय द क्यू, द कुंदा इज वर्थ इट', म्हणजे रांग बघून माघारी फिरू नका, कुंदा ही मिठाई तेवढ्या मोलाची आहेच.

समोरचा काही करण्यात गुंतलेला असेल तर अर्थ 'लक्ष विचलित करणे'. कॅरमवर नेम धरलेला असताना कुणी बोटं मोडायला लागलं तर 'स्टॉप इट, यू आर पुटिंग मी ऑफ'.

कर्ता कचेरीतला माणूस असेल आणि मागे 'विथ एक्स्क्यूजेस' असेल तर ती आपली टोलवाटोलव. 'द क्लार्क केप्ट पुटिंग हिम ऑफ विथ एक्स्क्यूजेस': आज या, उद्या या.

चौथा अर्थ शाळेत क्वचितच शिकवतात, तो म्हणजे ठरलेल्या माणसाला 'आज नको, नंतर या' असं कळवणे. 'वी हॅड टु पुट द गेस्ट्स ऑफ' म्हणजे पाहुण्यांना येऊ नका म्हणून निरोप द्यावा लागला. पण कर्ता बदलून 'हिज रूडनेस पुट द गेस्ट्स ऑफ' केलं की पाहुणे त्याच्या उद्धटपणाला कंटाळले. वाक्य दिसायला सारखंच, म्हणून कर्ता बघायला सांगितलं.

दिव्याचं आणखी निराळं. 'पुट ऑफ द लाइट' ब्रिटिश बोलण्यात आहे, त्यामुळे तो चूक म्हणून कुणी लाल रेघ मारली तर ते जरा जास्तच होईल. तरी परीक्षेत 'स्विच ऑफ' किंवा 'टर्न ऑफ' लिहा, कुणालाच खटकणार नाही. आग मात्र 'पुट ऑफ' होत नाही, ती 'पुट आउट' होते. बूट काढायला 'टेक ऑफ'. बूट 'पुट ऑफ' करणं जुन्या इंग्रजीत होतं, आता नाही.

वाक्यात बसवताना

'पुट ऑफ'नंतर क्रियापद आलं तर ते 'इंग' लावून. 'ही पुट ऑफ टु गो टु द डेंटिस्ट' चूक, 'ही पुट ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट' बरोबर. मराठीतलं 'जायचं टाळलं' सरळ उचललं की 'टु' शिरतो.

नाम असेल तर दोन्ही जागा चालतात: 'पुट ऑफ द मीटिंग', 'पुट द मीटिंग ऑफ'. सर्वनाम मात्र मधेच: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' कधीच नाही. कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी ठेवा, नाहीतर 'ऑफ' इतका लांब जाऊन पडतो की वाचणारा 'पुट'चा अर्थ 'ठेवला' धरून बसतो.

लांबणीवर टाकण्याच्या अर्थाला कर्म लागतंच. 'मला कामं ढकलायची सवय आहे' यासाठी 'आय ऑलवेज पुट ऑफ' हे वाक्य अर्धवट राहतं. 'आय ऑलवेज पुट थिंग्ज ऑफ' म्हणा, किंवा कर्माशिवाय चालणारा 'प्रोक्रॅस्टिनेट' वापरा.

भूतकाळातही 'पुट'च. 'पुटेड' असं रूप या क्रियापदाला नाही. 'पुटिंग' लिहिताना टी दोनदा. 'ऑफ'मध्ये एफ दोन. घाईत एक एफ गळला की तो 'चा, ची, चे'वाला 'ऑव्ह' होतो, आणि मोबाइलवर टाइप करताना तो शब्द म्हणून बरोबर असल्याने खाली लाल रेघही उमटत नाही. बोलताना जोर 'ऑफ'वर. उलट 'ऑफ-पुटिंग' हे विशेषण बोलताना जोर 'पु'वर येतो. त्याचा अर्थ फक्त 'किळसवाणा, मन उडवणारा', लांबणीशी त्याचा काही संबंध नाही. 'ऑफ-पुटिंग डेट' असा प्रयोग करून पुढची तारीख सुचवायला जाऊ नये.

'पुट ऑफ' बोलीतला, घरगुती आहे. मित्राला मेसेज, गल्लीतल्या मंडळाची सूचना, वर्गातलं संभाषण इथे तो शोभतो. मुख्याध्यापकांना, विद्यापीठाला किंवा बँकेला अर्ज असेल तर 'पोस्टपोन' लिहा: 'आय रिक्वेस्ट यू टु पोस्टपोन माय इंटरव्ह्यू टु 14 जून'. 'पोस्टपोन'सोबत 'टु', 'टिल' दोन्ही चालतात, किती दिवसांनी ते सांगायला 'बाय अ वीक'ही चालतं. पुढे क्रियापद आलं तर मात्र त्यालाही 'इंग'च लागतं.