टीएमएस सुरू करताय? आधी एवढं करा

माझ्या धाकट्या भावाला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार. कोथरूडच्या घरी तो नळाखाली तासन्‌तास हात धुवायचा. औषधं आणि थेरपी नेटाने करूनही पुरेसा फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनी टीएमएस सुचवलं. हे शॉक देणं नव्हे. भूल नसते, डोक्यावर ठेवलेल्या कॉइलमधून मेंदूत चुंबकीय स्पंदनं जातात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) ओसीडीसाठी डीप टीएमएसला, म्हणजे मेंदूत जरा खोलवर पोचणाऱ्या टीएमएसला, २०१८ मध्ये मान्यता दिली.

कधी फिट आली असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) असेल, तर आधीच सांगा.

डीप टीएमएसच्या त्या पद्धतीत सहा आठवड्यांत २९ सत्रं असतात. रजेचं आधी बघा. कर्वे रोडची गर्दी रोजचीच.

सत्राआधी भीती मुद्दाम जागी करतात. कशाने अस्वस्थ वाटतं त्याची यादी घरूनच करून न्या. भावाने चपलेच्या तळाला हात लावला आणि तसाच खुर्चीत बसला. मी कळवळून म्हटलं, "काही होत नाही रे!" डॉक्टरांनी मला थांबवलं. त्या क्षणी धीर दिला की भीती दबते, आणि तीच तर जागी हवी असते. तुम्ही बाहेर बसा, जड गेलं तरी.

डोकं दुखलं तर सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका.