आज न परवडणारा कॅमेरा, लॅपटॉप किंवा फोन: गोव्यात राहून खरेदीची तयारी कशी करावी

मनात भरलेली महागडी वस्तू आज घेता येत नसेल, तर थांबण्याचा हा काळ कामाला लावता येतो. थांबणाऱ्याला वस्तू आधी वापरून बघता येते, भाव कसा हलतो ते कळते आणि घरात ती ठेवायची जागा तयार करता येते. घाईत खरेदी करणाऱ्याच्या हातून नेमक्या याच तीन गोष्टी सुटतात. इथे मुख्य उदाहरण कॅमेऱ्याचे घेतले आहे, कारण गोव्याच्या दमट हवेचा सर्वांत जास्त त्रास त्यालाच होतो. फोन आणि लॅपटॉपचे वेगळे मुद्दे ओघात येतील.

आधी एक रात्र भाड्याने

कॅमेरा भाड्याने देणारे पणजी, मडगावात सापडतात. ओळखपत्र आणि अनामत लागते. घेताना आधीचे ओरखडे त्यांच्यासमोरच फोनवर टिपून ठेवा, म्हणजे परत देताना वाद होत नाही.

भाड्याचा दिवस विचारपूर्वक निवडा. भर दुपारी मिरामारला कुठलाही कॅमेरा चांगलाच वाटतो. शिगम्याच्या चित्ररथांची मिरवणूक किंवा देवळातली रात्रीची जत्रा, अशा कमी उजेडात त्याचा खरा कस लागतो. सोबत मिळणारी किट लेन्स साधारण एफ ३.५ ते ५.६ ची असते; हा एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त येतो. रात्री नाचणाऱ्या रोमटामेळाचे फोटो तिने एकतर हलतात, नाहीतर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, चढवावी लागून दाणेदार येतात. मग तीच बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ठेवून ५० मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स लावून बघा. या लेन्स तुलनेने स्वस्त असतात, आणि एफ ५.६ च्या मानाने सेन्सरवर जवळजवळ दहापट उजेड येऊ देतात. महागड्या बॉडीचे स्वप्न पाहणाऱ्या बऱ्याच जणांना खरी गरज या लेन्सचीच असते. हे एका रात्रीच्या भाड्यात कळले तर हजारो रुपये वाचतात.

लॅपटॉप सहसा भाड्याने घेऊन बघत नाहीत, पण दुकानात पंधरा मिनिटे मागून घ्या. कीबोर्डवर मराठीत एक परिच्छेद टाइप करा, स्क्रीन उजेडाकडे वळवून बघा, आणि रॅम पुढे वाढवता येते की बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, आहे ते विचारा. सोल्डर केलेली असेल तर आठ जीबीचे मशीन स्वस्त दिसले तरी घेऊ नका.

डब्यावरची किंमत आणि खरा आकडा

समजा, कॅमेरा आणि किट लेन्स मिळून ७२,००० रुपये. आता बाकीचे मांडा: दुसरी बॅटरी ३,५००, ६४ जीबीचे वेगवान (व्ही३०) मेमरी कार्ड १,०००, फिल्टर १,०००, रेनकव्हर असलेली बॅग ३,०००, ब्लोअर आणि कापड ५००, फोटो साठवायला बाहेरची हार्डडिस्क ५,५००, आणि लेन्ससाठी कोरडा डबा १,५००. हे सोळा हजार झाले. म्हणजे लक्ष्य ८८,०००. तुमच्या मॉडेलप्रमाणे आकडे बदलतील, पण वरचा खर्च वीस टक्क्यांच्या आसपास जातोच.

हा खर्च मागे ढकलला की पहिला घाव कोरड्या डब्यावर आणि हार्डडिस्कवर पडतो. त्यांच्या नसण्याचा त्रास लगेच दिसत नाही. दिसतो तो पहिल्या पावसाळ्यानंतर, लेन्समध्ये बुरशी धरल्यावर.

पैसे कसे साठवावे

पगारदार असाल तर बँकेची आवर्त ठेव, म्हणजे आरडी, सर्वांत सरळ. महिना ५,५०० प्रमाणे १६ महिन्यांत ८८,००० जमतात. साडेसहा टक्के व्याज धरले तर वर साधारण ४,००० मिळतात, म्हणजे बॅग आणि फिल्टर व्याजातून निघाले. कापण्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची ठेवा. महिनाअखेरीची तारीख ठेवली की खात्यात पैसे उरत नाहीत आणि दंड बसतो. पोस्टाची आरडी या कामाची नाही: ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षे होईपर्यंत मोडता येत नाही.

हॉटेल, शॅक, टॅक्सी, जलक्रीडा अशा हंगामी धंद्यात असाल तर दरमहा सारखी रक्कम ठरवूच नका. ऑक्टोबर ते मे कमाई, आणि जून ते सप्टेंबर हात आखडता, हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. हंगामात दर पंधरवड्याला जमेल तेवढ्या रकमेची छोटी मुदत ठेव करत जा आणि मुदत चवथीच्या पुढची ठेवा. एकच मोठी ठेव केली तर पावसात अडचण आल्यावर सगळीच मोडावी लागते. छोट्या चार-पाच असल्या की एक मोडून भागते, बाकीच्यांचे व्याज शाबूत राहते.

हप्त्यावर घ्यायचेच असेल तर

‘नो कॉस्ट ईएमआय’ फुकट नसतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल रोखले होते. त्यामुळे व्याज लागतेच, फक्त तेवढीच सूट आधी दाखवून ते झाकले जाते. ७२,००० चा कॅमेरा १२ हप्त्यांत, महिना ६,००० प्रमाणे घेतला असे धरा. क्रेडिट कार्डाचा दर १६ टक्के असेल तर बँकेच्या हिशेबात कर्ज सुमारे ६६,१०० चे आणि व्याज सुमारे ५,९०० चे असते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १,०५०, तुमच्या बिलात येतो. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासकट आणखी २३५. म्हणजे ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट १,३०० च्या घरात. रोख किंवा यूपीआयवर दुकानदार दोन-तीन हजार कमी करत असेल तर तेही यात मिळवा. साधा, व्याजाचा ईएमआय असेल तर त्याच दराने हप्ता ६,५३३ चा होतो आणि कर धरून सुमारे साडेसात हजार जास्त जातात.

दुकानातल्या फायनान्स कंपनीच्या माणसाकडे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते देणे बंधनकारक आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. तोंडी सांगितलेला दर सोडा, हा आकडा बघा. न मागता जोडलेला विमा किंवा एक्स्टेंडेड वॉरंटीही याच कागदात सापडते आणि सही करण्याआधी काढून टाकता येते.

हप्ता झेपेल की नाही हे ताडायचा साधा उपाय: सही करण्याआधी तीन महिने तेवढीच रक्कम बाजूला काढून बघा. एकही महिना चुकला तर थांबा. हंगामी धंदेवाल्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये बारा हप्त्यांचे कर्ज उचलणे सर्वांत धोक्याचे, कारण त्यातले चार हप्ते थोड्याच महिन्यांत, नेमके भर पावसात येतात. क्रेडिट कार्डाचे बिल थकले की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, आणि सिबिलवर डाग पडतो तो पुढे घरकर्जाच्या वेळी नडतो.

कधी आणि कुठून

मॉडेल ठरले की आठ आठवडे दर रविवारी त्याचा भाव वहीत लिहा: दोन ऑनलाइन संकेतस्थळांवरचा आणि पणजीच्या अठरा जून रस्त्यावरच्या किंवा मडगावच्या एका दुकानातला. मग ‘४० टक्के सूट’ म्हणजे काय ते आपोआप कळते, कारण ती सूट छापील एमआरपीवर असते आणि त्या भावाने वस्तू एरवीही विकली जात नाही. चवथ ते दिवाळी या काळात भाव बहुधा उतरतात. आयफोनचे नवे मॉडेल सहसा सप्टेंबरात येते, तेव्हा आदल्या वर्षीचे बघा. ‘दुसऱ्या राज्यातून आणले तर कर वाचतो’ हा समज सोडून द्या. १ जुलै २०१७ पासून जीएसटी देशभर सारखाच आहे.

गोव्यात जवळजवळ प्रत्येक वाड्यावर कुणीतरी आखातात किंवा बोटीवर असतो, आणि ‘तिथून आणतो, स्वस्त पडेल’ असे प्रेमाने सांगतो. फरक खरा असू शकतो, पण तीन गोष्टी तपासा. बऱ्याच कॅमेरा बॉडींची वॉरंटी त्या देशापुरतीच असते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना १४ व्या मालिकेपासून सिमकार्डाची खाचच नाही, फक्त ईसिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेले सिम, चालते. आणि कस्टम्सच्या मोफत मर्यादेपलीकडे शुल्क भरावे लागते, ते धरून हिशेब करा.

सर्व्हिस कुठे होते हेही पैसे देण्याआधी विचारा. काही ब्रँडांचे गोव्यात फक्त वस्तू स्वीकारणारे केंद्र असते, दुरुस्ती बाहेर जाऊन होते आणि त्यात आठवडे जातात. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. तक्रार अडली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

वापरलेली वस्तू घेताना

किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरवर वापरलेल्या वस्तूला खारे वारे लागलेले असतात. कॅमेऱ्याचे स्क्रू, वरचा फ्लॅश बसवायचा कप्पा आणि खालची ट्रायपॉडची खाच बघा. गंज किंवा बॅटरीच्या कप्प्यात हिरवट थर दिसला तर आतही तेच असणार, नाद सोडा.

लेन्स तपासायची रीत नीट करा. लेन्स बॉडीवरून काढा, खोली अंधारी करा, मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेकडून तिरका धरा आणि पुढच्या काचेतून आत बघत लेन्स हळूहळू फिरवा. जुन्या लेन्समध्ये उजेड कमी-जास्त करणारी पाती मिटलेली असतील तर छोटा खटका दाबून ती उघडावी लागतात. धुळीचे चार कण दिसले तर चालतात, फोटोत उतरत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, कडेकडून मध्याकडे फांद्या फुटल्यासारखे, ही बुरशी. दुधासारखा सारखा पसरलेला धूसरपणा म्हणजे हेझ, त्याने उजेडासमोरचे फोटो फिके येतात. बुरशी साफ करता येते, पण तिने काचेवरचा लेप खाल्लेला असेल तर डाग कायमचा राहतो. अशी लेन्स आपल्या चांगल्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका. बॉडीसाठी: एफ १६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून काळे ठिपके शोधा. दोन-चार धुळीचे असतात, पुसून जातात. पुसूनही न जाणारी रेघ असेल तर तो सेन्सरवरचा ओरखडा समजा.

फोनवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा. मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा आणि तो १५ अंकी नंबर असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन ब्लॉक केलेला किंवा नंबर डुप्लिकेट असेल तर उत्तरात कळते. विकणाऱ्याने आपले गुगल किंवा अ‍ॅपल खाते तुमच्यासमोर काढून फोन रिसेट करायला हवा. नुसता रिसेट केलेला फोन खाते न काढल्यास पुढे जुना पासवर्ड मागतो आणि निरुपयोगी होतो. लॅपटॉपमध्ये विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमतेच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून मागा.

‘आयपी६८’ (पाणी आणि धूळ रोखण्याचे मानांकन) लिहिलेला फोन बागा-कोलव्याला लाटांत नेऊ नका. ती चाचणी गोड्या पाण्यातली असते आणि पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत.

पावसाळ्याची जागा आताच तयार करा

हे काम वस्तू येण्याआधी करायचे. काही शे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारे यंत्र, घ्या आणि ज्या कपाटात वस्तू ठेवणार तिथे आठवडाभर ठेवून आकडा बघा. जुलैत बंद कपाटातही आर्द्रता ८० टक्क्यांपुढे जाते, आणि ६०-६५ च्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते.

रबरी गॅस्केट असलेला १० ते १५ लिटरचा हवाबंद प्लास्टिक डबा, ओल शोषणारे, रंग बदलणारे २५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशव्यांत, आणि आत तोच हायग्रोमीटर. आकडा ४० ते ५० मध्ये ठेवा. ३० च्या खाली जाऊ देऊ नका, रबर आणि आतले वंगण सुकते. नारिंगी जेल हिरवे पडले की ते भरले. ताटात पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, निवल्यावर लगेच परत डब्यात टाका. जास्त तापवले तर रंग दाखवणारे रसायन जळते. निळे जेल टाळा, त्यात कोबाल्ट असते. तांदूळ घालायची पद्धत सोडा: ओल फारशी शोषत नाहीत आणि त्यांचा कोंडा लेन्समध्ये जातो. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकला मानवत नाही. चामड्याच्या कव्हरमधली वस्तू कव्हर काढूनच डब्यात ठेवा, चामडे ओल धरते.

एसीच्या खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर थंड काचेवर दव जमते. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर आधी किंचित ओल्या, मग कोरड्या कापडाने बॉडी पुसा आणि त्यानंतरच डबा बंद करा. मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात चार्जर आणि राउटर दोन्हींचे प्लग काढा. विजेच्या अचानक झटक्यापासून वस्तू वाचवणारा स्पाइकगार्ड अर्थिंग नीट असेल तरच काम करतो, म्हणून जुन्या घरात एकदा इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.