विहीर मचूळ झाली? मोटर आधी बंद करा

मुंबईतल्या मनोरी-गोराईच्या वाड्यांना पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी. वैशाख सरता सरता विहिरीचं पाणी मचूळ लागलं की बरेच जण मोटर जास्त वेळ चालवतात, खराब पाणी निघून जाईल म्हणून. होतं नेमकं उलटं.

वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी लिटरमागे साधारण २५ ग्रॅमने जड. त्यामुळे भूजल समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. आपण उपसून पातळी हातभर खाली नेली की खालचं खारं पाणी वर चढू लागतं. खडकात हा हिशेब तंतोतंत बसत नाही. एखादी भेग खाडीला जाऊन मिळाली असेल, तर शेजाऱ्याची विहीर गोडी आणि आपली खारी.

म्हणून उपसा तुकड्यातुकड्याने करा: पहाटे थोडा, विहीर भरू द्या, संध्याकाळी पुन्हा. फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या खालच्या टोकाची झडप) तळापासून वर घ्या. जिभेवर विसंबू नका, जीभ सवयीची गुलाम. ईसी मीटरने (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून खार मोजणारं यंत्र) मोटर सुरू करताना आणि बंद करताना मोजा. ०.७ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत काळजी नाही, ३ च्या वर बहुतेक भाज्यांना ते पाणी नको. फरसबी १ च्या पुढेच कुरकुरते. पालक बिटाच्या कुळातला, तो बराच खार सोसतो. झारीने पानांवर पाणी मारू नका, पानं करपतात, बुंध्याशी द्या.

जमीन चिकण असेल तर आणखी एक भानगड. खाऱ्या पाण्यातला सोडियम मातीच्या कणांना चिकटतो आणि तिथला कॅल्शियम सुटून पाण्यात जातो. आज काही दिसत नाही, पण पावसात तीच माती चोपण होते, पाणी मुरतच नाही. माती तपासून, लागेल तेवढाच जिप्सम (कॅल्शियम देणारं खनिज) पावसाआधी मिसळा. निव्वळ रेताड वाडीत त्यावर पैसे घालवू नका.

पहिली हलकी सर आली की पाणी देणं थांबवावंसं वाटतं. थांबवू नका! खाऱ्या पाण्यामुळे मातीच्या वरच्या थरात साचलेलं मीठ तेवढ्या पावसाने मुळांपर्यंतच उतरतं. त्या दिवशी त्यातल्या त्यात गोडं पाणी भरपूर द्या, म्हणजे ते मीठ मुळांखाली जाईल.

छपराचं पाणी विहिरीत सोडणार असाल, तर पहिल्या दोन-तीन जोरदार सरी वाहून जाऊ द्या. कावळ्या-कबुतरांची वर्षभराची घाण त्यातच असते. नंतरचं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून सोडा, आणि गाळणीतली वाळू आत्ताच धुऊन ठेवा.